मुळेच्या दोन काठांना दोन महापालिका, पण पूररेषा एकसारखी पाळणार कोण?

सांगवीकर:
औंध आणि सांगवीच्या मध्ये फक्त मुळा. पलीकडे पुणे महापालिका, अलीकडे पिंपरी-चिंचवड. 'तिकडचे नियम कडक, इकडे सगळं चालतं' असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. डिसेंबर २०२० पासून दोन्हीकडे राज्याची एकच नियमावली आहे. निळ्या रेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आत नवी इमारत नाही. निळी ते लाल (१०० वर्षांतून एकदा) या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवलं तर परवानगी मिळते. माझा आक्षेप या सवलतीवर आहे. जोतं वर न्यायचं म्हणून भराव टाकला जातो, आणि एका काठावर भराव पडला की पाणी समोरच्या काठावर चढतं. दोन्ही महापालिकांनी मिळून हा पट्टा बंद करावा.

नकाशे काढणारा:
अजिबात पटलं नाही. नियमात जोत्याची उंची आहे, भराव नाही. खाली खांबांवर मोकळं पार्किंग ठेवलं तर पाणी वाहून जातं. भराव टाकणाऱ्याला पकडा. जुन्या अधिकृत इमारतींना निळ्या रेषेच्या आतही जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने पुनर्विकास करता येतो, आणि तो व्हायलाच हवा. नाहीतर तळमजल्यावरची माणसं दर पावसाळ्यात तिथेच अडकणार.

सिंहगड रोड:
तुमचा वाद कागदावरच्या रेषेचा आहे. २५ जुलै २०२४ ला मुठा नदीवरच्या खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं आणि आमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. मुठेची निळी रेषा तर ६० हजार क्युसेकचा प्रवाह धरून आखलेली! पात्रच आक्रसलंय. आधी नव्याने मोजणी करा, मग नियम कडक की सैल ते बोला.

नकाशे काढणारा:
त्या दिवशी धरणाच्या खालच्या भागातही तुफान पाऊस होता, सगळा दोष बांधकामांवर नको. नव्या मोजणीला मात्र माझा पाठिंबा.

इंद्रायणीकाठ:
पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत, इंद्रायणीच्या काठावर, मे २०२५ मध्ये निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. बंगले बेकायदा होते, कारवाई बरोबरच होती. पण भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा कुणीच का थांबवलं नाही? आयुष्याची कमाई गेली ती घर घेणाऱ्याची. रेषा नकाशात ठेवून उपयोग नाही. काठावर दगड रोवा, निळा नि लाल रंग द्या, म्हणजे प्लॉट बघायला आलेल्या माणसाला तिथेच कळेल.

सांगवीकर:
दगडांचं मनापासून पटलं. खांबांवरच्या इमारतींबद्दलही मी एक पाऊल मागे येतो, पण खालचं पार्किंग पुढे भिंती घालून बंद केलं जातं, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. ते दरवर्षी मेमध्ये तपासणार असाल तर सवलत राहू द्या. आणि तपासणी दोन्ही काठांवर एकाच आठवड्यात व्हावी, कारण जुलैत पाणी आलं की ते अलीकडच्या दापोडीलाही येतं आणि पलीकडच्या बोपोडीलाही.