पीएमपीचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण: ही सक्ती कशासाठी?

अभिजित: पीएमपी म्हणजे पीएमआय या संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. त्याची परीक्षा अवघड आहे आणि ती तशीच असावी. पदवीधरालाही आधी 36 महिने प्रकल्प सांभाळल्याचं दाखवावं लागतं, 35 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग 180 प्रश्न. माझा आक्षेप पुढच्या भागाला आहे. प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत 60 पीडीयू (व्यावसायिक विकासाचे गुण) लागतात आणि त्यात प्रत्यक्ष कामाचे जास्तीत जास्त 8 धरतात. तीन वर्षं प्रकल्प ओढून नेला तरी आठच! बाकीचे वेबिनार ऐकून भरायचे. काम करणाऱ्यावर हा अन्याय आहे.

स्नेहल: अजिबात पटलं नाही. वर्षानुवर्षं काम केलं म्हणजे माणूस शिकतोच असं नाही. मी ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांवर असते. आमच्या मासिक अहवालात फक्त 'काम 70 टक्के पूर्ण' असं असायचं. पीडीयूसाठी अर्न्ड व्हॅल्यूचा, म्हणजे झालेल्या कामाची किंमत मोजण्याचा, एक कोर्स केला आणि अहवालात सीपीआय (खर्चाच्या तुलनेत काम किती झालं तो आकडा) टाकायला लागले. तो 0.8 आला, म्हणजे रुपया खर्चून 80 पैशांचंच काम झालेलं. त्या बैठकीत पहिल्यांदाच ग्राहकाने खर्चावर नेमके प्रश्न विचारले. सक्ती नसती तर तो कोर्स माझ्याकडून झाला नसता.

अभिजित: स्नेहलताई, तुम्ही मनापासून शिकलात. नियम मात्र ते तपासत नाही. एक तास हजेरी, एक पीडीयू. व्हिडिओ चालू ठेवून जेवायला गेलेल्यालाही तेवढंच मिळतं.

प्रसाद (साइट): अभिजितराव, बाकी सगळे वेबिनारचेच असतात हे चूक आहे. किमान 35 शिक्षणाचे हवेत, पण 25 पर्यंत 'गिव्हिंग बॅक'चे चालतात. तुमचे ते 8 त्यातच येतात, आणि शिकवणं, मार्गदर्शन, स्वयंसेवाही. मी आमच्या ज्युनियर पोरांना बार चार्ट आणि क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्प लांबतो ती साखळी) शिकवतो, ते तास मी भरले. मी डिप्लोमावाला. आम्हाला परीक्षेआधी 36 नाही, 60 महिन्यांचा अनुभव लागतो. एवढ्या कष्टाने मिळालेलं प्रमाणपत्र काहीही न करता आयुष्यभर चालावं असं मलाच वाटत नाही. आखाती देशातल्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न 'चालू आहे ना?' हाच आला होता.

वैशाली: पैशांचं कोणीच बोलत नाहीये. नूतनीकरणाला पीएमआयच्या सदस्याला 60 डॉलर, इतरांना 150. कंपनी देत असेल तर ठीक, स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला ते जाणवतात. मुदत हुकली तर वर्षभर निलंबन, त्यातही पीडीयू पूर्ण झाले नाहीत तर परीक्षा पहिल्यापासून. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या काळात हे फार जड जातं.

अभिजित: प्रसाद, 25 चा मुद्दा मान्य. पण मग उरलेल्या 35 तासांवर छोटी चाचणी ठेवा. ऐकलं की नाही ते तरी कळेल.

स्नेहल: चाचणीला माझा विरोध आहे. तिचीही फी लागेल, तिचेही क्लास निघतील, आणि वैशाली म्हणते तो बोजा वाढेल. त्यापेक्षा संपलेल्या प्रकल्पाचा लेखी आढावा, काय चुकलं आणि का, याला पीडीयू द्या. तुम्हाला हवी ती कामाची किंमत त्यात आहे.

प्रसाद (साइट): पण ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो, तो आढावा बाहेर कोणाला दाखवणार?