लग्नाआधी अटी सांगणारा डॉक्टर : प्रामाणिक की निष्ठुर?

रामबागेतील मामा, इंदूर

माझा भाचा येथील एका शासकीय रुग्णालयात बालरोग विषयात एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाल्यावर त्याला झाबुआ जिल्ह्यात जाऊन काम करायचे आहे, तेही शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेच्या बंधपत्रापुरते नव्हे तर कायमचे. ज्या मुलीवर त्याचे तीन वर्षांपासून प्रेम आहे ती इंदुरातच एका बँकेत नोकरी करते. साखरपुड्याची बोलणी सुरू होण्याआधी त्याने तिला पत्र लिहून चार गोष्टी कळवल्या: बिऱ्हाड झाबुआकडे असेल, मी खासगी दवाखाना काढणार नाही, रात्री-अपरात्री बोलावणे आले तर जाईन आणि सणावाराला घरी असेनच असे वचन देता येणार नाही. मुलीने ते पत्र वडिलांना दाखवले आणि वडिलांनी बोलणी थांबवली. ज्याचे खरे प्रेम असते तो अटी घालत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

मला ते मुळीच पटत नाही. मेळघाटातील बैरागड येथे आयुष्य घालवलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांनीही लग्नापूर्वी अटी सांगितल्या होत्या: ४० किलोमीटर चालण्याची तयारी, ५ रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला ४०० रुपयांत संसार आणि वेळ पडल्यास दुसऱ्यांसाठी हात पसरण्याची तयारी. नागपुरात स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉ. स्मिता यांनी त्या स्वीकारल्या आणि २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे लपवून लग्न करणे आणि मग बायकोने सोसावे अशी अपेक्षा धरणे यापेक्षा आधी स्वच्छ सांगणे हे मी अधिक प्रेमाचे मानतो.

नारायणबागेतील वाचक

मामा, कोल्हे दांपत्याविषयी मलाही नितांत आदर आहे, पण तुम्ही त्यांच्या गोष्टीचा अर्धाच भाग सांगितलात. आपण सगळे त्यांच्या अटी घोकतो. स्मिताताईंनी पुढे घेतलेला निर्णय मात्र क्वचितच कोणी सांगतो. पहिले बाळंतपण अवघड गेले आणि बाळ जन्मतःच मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि रक्तातील जंतुसंसर्गाने आजारी पडले, तेव्हा त्याला अकोल्याला नेण्याचा पर्याय समोर होता. गावातल्या इतर बाळांवर जसे उपचार होतात तसेच आपल्या बाळावरही येथेच होतील, असे त्यांनी ठरवले आणि गावाचा विश्वास त्या दिवसापासून बसला. हे कोणत्याही अटीत लिहिलेले नव्हते. अटी पतीच्या होत्या, पण सर्वांत मोठी किंमत पत्नीने स्वतःहून मोजली. म्हणून मी विचारते, तुमच्या भाच्याच्या पत्रात त्या मुलीचे म्हणणे मांडायला जागा कुठे आहे? चार गोष्टी कळवल्या असे तुम्हीच लिहिता. एक तरी गोष्ट विचारली का? बँकेत तिचीही नोकरी आहे आणि तिलाही कामाची ओढ असू शकते. ध्यास फक्त डॉक्टरलाच असतो, ही समजूत मला प्रेमाच्या फार विरोधात जाणारी वाटते.

निवासी डॉक्टर, इंदूर

मी स्वतः निवासी डॉक्टर आहे आणि मला ही सगळी चर्चाच चुकीच्या जागी उभी वाटते. आमच्यातली नाती तुटतात ती ध्यासामुळे नव्हे, तर ड्यूटीच्या तक्त्यामुळे. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेतच लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मी सलग छत्तीस तास जागून फोनवर बोलता बोलता झोपलो आहे आणि पलीकडची व्यक्ती माझा श्वास ऐकत राहिली आहे. याला सेवाव्रत म्हणू नका. जागा रिकाम्या ठेवायच्या, त्यांचा भार आहेत त्यांच्यावर टाकायचा आणि त्यांच्या बायकांनी, नवऱ्यांनी तो त्याग म्हणून मिरवायचा, हे मला मान्य नाही. भाच्याने झाबुआला जरूर जावे. पण रात्री बोलावणे येईल हे मुलीला सांगताना, रात्र वाटून घ्यायला दुसरा बालरोगतज्ज्ञ मिळावा म्हणून भांडेन, हेही सांगावे.

परदेशीपुऱ्यातील जुने रहिवासी

सेवेसाठी दूर गेलेच पाहिजे का? डॉ. भक्ती यादव इंदूरच्या पहिल्या महिला एमबीबीएस म्हणून ओळखल्या जात. त्यांनी आमच्या या गिरणी कामगारांच्या वस्तीत राहून गरीब बाळंतिणींवर पैसे न घेता कित्येक दशके उपचार केले. पतीही डॉक्टरच होते. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. संसार आणि सेवा दोन्ही याच गावात झाले.

रामबागेतील मामा, इंदूर

भक्तीताईंचे नाव घेतलेत, त्याबद्दल आभार. पण झाबुआ का, याचे उत्तर दिले पाहिजे. तेथून इंदूर सुमारे १५० किलोमीटर आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाला श्वास लागला की त्याला ऊब आणि प्राणवायू तत्काळ हवा असतो. वाटेत बाळ गार पडले की साखर उतरते, श्वास आणखी मंदावतो आणि येथे पोहोचेपर्यंत पुष्कळदा हातात काही उरत नाही. भाचा अशी बाळे या टोकाला उतरवून घेतो, म्हणून त्याला त्या टोकाला जायचे आहे. नारायणबागेच्या ताईंचा प्रश्न मात्र मला लागला. त्याने काही विचारले नव्हते, हे खरे आहे.

एका डॉक्टरांची पत्नी, लोकमान्यनगर

माझे यजमान शल्यचिकित्सक होते. आमच्या संसाराला अडतीस वर्षे झाली होती, तेव्हा ते गेले. तुम्ही सर्वजण वाट पाहण्याविषयी लिहीत आहात म्हणून सांगते, वाट पाहणे मला कधीच जड गेले नाही. दिवाळीच्या पहाटे मी एकटीने मुलांना उटणे लावले आहे, लग्नाच्या पंगतीतून ते उठून गेले आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटले तरी सल राहिला नाही, कारण कोणाचे तरी आतडे फुटले आहे आणि तेथे यांचीच गरज आहे, हे मला समजत असे. जड गेले ते वेगळेच. रुग्ण दगावला की ते घरी येऊन एक शब्दही बोलत नसत. आंघोळ करत, जेवत, वर्तमानपत्र उघडत आणि त्याच पानाकडे तासभर पाहत बसत. पहिली दहा-बारा वर्षे मला वाटे की माझ्यावरच राग आहे, आणि मी मनातल्या मनात माझ्या चुका शोधत असे. एका रात्री त्यांनी आपण होऊन सांगितले की आज एक अठरा वर्षांची मुलगी टेबलावर गेली आणि तिची आई बाहेर डबा घेऊन बसली होती. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. त्यानंतर मी त्यांना कधी उशिराबद्दल विचारले नाही, फक्त आज कोण होते, एवढेच विचारत असे. रामबागेतील मामा, अटी सांगाव्यात की नाहीत याबद्दल माझे काही मत नाही. तुमचा भाचा घरी येऊन बोलेल का, एवढे मात्र त्या मुलीला आधी कळायला हवे.

नारायणबागेतील वाचक

ताई, तुमचे म्हणणे मनापासून मान्य आहे, पण एक भीती वाटते. डॉक्टरचे दुःख ऐकून घेणे हेही पुन्हा पत्नीचेच काम ठरू नये. तिच्याही दिवसाबद्दल त्याने तितक्याच आस्थेने विचारावे, एवढी भर मी घालीन.

रामबागेतील मामा, इंदूर

रविवारी भाचा जेवायला आला तेव्हा लोकमान्यनगरच्या ताईंचे लिहिणे मी त्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने गेल्या पावसाळ्यात झाबुआहून आलेल्या एका बाळाविषयी सांगितले. बाळाच्या आजीने त्याला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरून आणले होते, म्हणून ते वाटेत गार पडले नव्हते, आणि तरीही तिसऱ्या दिवशी गेले. आजीने लुगडे परत मागितले नाही; ते अजून भाच्याच्या खोलीत घडी करून ठेवलेले आहे. तीन वर्षे तो दर सुटीला माझ्याकडे येतो, पण हे मी प्रथमच ऐकले. त्या मुलीला हे माहीत आहे का, असे मी विचारले, तर त्याने मान हलवून नाही म्हटले. आज संध्याकाळी राजवाड्यापाशी तो तिला भेटणार आहे. चार गोष्टींचे ते पत्र त्याने तिच्याकडून परत मागवले आहे.