कॉमिकचं परीक्षण लिहिताना चित्र बघता, की नुसते संवादांचे फुगे वाचता?

कावी (म्हापसा)

चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावरून माझी जुनी वही खाली आली. त्यात २००९ साली मी 'वॉचमेन' या अमेरिकन कॉमिकवर लिहिलेलं परीक्षण सापडलं. पाच परिच्छेद. त्यातले साडेचार गोष्टीचे: खून कुणाचा झाला, संशय कुणावर, कोण कुणाचा जुना मित्र. आणि शेवटी एक ओळ, 'चित्रेही सुंदर आहेत.'

त्या 'ही'ची जास्त लाज वाटली.

बारा अंकांची ही मालिका १९८६-८७ सालची. लिहिली ॲलन मूरने, काढली डेव्ह गिबन्सने. बहुतेक पानं तीन गुणिले तीन, अशा नऊ चौकटींच्या चौथऱ्यावर उभी आहेत. पाचव्या अंकात तर कमाल केली आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत करत मधली दोन पानं आरशासारखी समोरासमोर येतात. त्यातला एक माणूस तोंडावर जो बुरखा घालतो, त्यावर शाईचे डागही असेच डावी-उजवीकडे सारखे असतात. म्हणजे अख्खा अंकच त्या बुरख्यासारखा रचला आहे. मी तो तीनदा वाचला होता आणि हे मला दिसलं नव्हतं. का? तर मी फुगे वाचत पुढे पळत होतो.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. 'भीमायन', २०११. बाबासाहेबांची गोष्ट मराठी वाचकाला परीक्षणातून नव्याने काय सांगणार? पण दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी ती परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीत काढली आहे आणि सरळ रेषेच्या चौकटींत माणसं कोंडायची नाहीत असं ठरवलं आहे. फुगे बघा. साध्या, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचण्याआधीच कळतं की आता डंख बसणार. याबद्दल न लिहिता 'प्रेरणादायी जीवनकथा' असं लिहून मोकळं होणाऱ्याने पुस्तक उघडलं होतं की नाही, अशी मला शंका येते.

पेडण्यात धयकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, आपण रात्रभर बसतो ते काय गोष्ट कळावी म्हणून? संकासुराचं काय होणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोण कसा नाचला, कुणाचा आवाज बसला, यावर सकाळी चहा पिताना वाद घालतो. मग कॉमिकलाच गोष्ट एके गोष्ट का?

माझं म्हणणं सरळ आहे. अर्धं परीक्षण चित्राला द्या. जमत नसेल तर त्याला कॉमिकचं परीक्षण म्हणू नका.

फेरीबोट

कावी, तुमचं वय काय मला माहीत नाही, माझं अठ्ठावन. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल पडला तेव्हा मी पणजीला कॉलेजात होतो. त्यानंतर रोज बेतीहून फेरी. रांग, पाऊस, धक्काबुक्की, आणि खिशात घडी घालून रद्दीतून आणलेलं एखादं जुनं मराठी इंद्रजाल कॉमिक. नदी ओलांडेपर्यंत चार-पाच पानं होत. वेताळाने (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमने) ठोसा मारला, गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उठली, आणि फेरी धक्क्याला लागली. संपलं.

त्यात नऊ चौकटी होत्या की सात ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर मजा गेली असती. कॉमिक ही मजेची वस्तू आहे, तिची चिरफाड कशाला? परीक्षणाने मला एवढंच सांगावं, घेऊ की नको. आजकाल एका जाड कॉमिकच्या पैशात आठवड्याचे मासे येतात.

(आमचं गाव आमोणे. ग्रामदैवत वेताळ. तोही रात्री गावाची राखण करत फिरतो, हाही जंगलाची राखण करतो. आजीला दोघांत फरक दिसत नव्हता. 'वेताळाचं पुस्तक पायाखाली येता कामा नये' म्हणून ती माझी इंद्रजालं उचलून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायची. हे परीक्षणात कुठे बसतं सांगा.)

कावी

काका, आजीची गोष्ट परीक्षणाच्या पहिल्या ओळीत बसते.

आता एक विचारतो. विल्सन मॅकॉयने काढलेला वेताळ आणि साय बॅरीने काढलेला वेताळ तुम्हाला वेगळे ओळखू येतात की नाही?

फेरीबोट

न ओळखायला काय झालं. नावं तेव्हा माहीत नव्हती, पण एक साधा, सपाट, खेळण्यातल्यासारखा. दुसऱ्याच्या अंगावर सावल्या, दंड भरलेले, जंगल खरं वाटायचं. आम्ही मुलं त्याला 'चांगला वेताळ' म्हणायचो. रद्दीवाल्याकडे आधी तोच शोधायचो.

कावी

मग झालं की परीक्षण! दोन वाक्यांत. मॅकॉय १९६१ मध्ये वारला, त्यानंतर बॅरीने ती मालिका हातात घेतली आणि नव्वदच्या दशकापर्यंत काढली. रद्दीच्या दुकानात उभं राहून तुम्ही जो निवाडा करत होता, तोच कागदावर उतरवा एवढंच मी म्हणतो.

तिसवाडीकर

दोघांचं प्रेम उतू चाललंय, म्हणून थोडं थंड पाणी घालतो.

भक्ताने परीक्षण लिहू नये. गावच्या जत्रेतल्या नाटकात ज्याचा मुलगा काम करतो, त्याला आपण 'कसं झालं' असं विचारत नाही. तो 'छान' म्हणणार. तुम्ही कॉमिकवाले सगळे त्या मुलाचे बाप.

चित्र बघा म्हणता ना? चला बघू. अंगाला घट्ट चिकटलेली चड्डी घातलेला एक गोरा माणूस, एकवीस पिढ्या जंगलात, आणि भोवती त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे बुटके काळे लोक. हे चित्रातच आहे, फुग्यात नाही. किती चाहत्यांनी लिहिलं? मूळ मालिकेतल्या चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग होतं, भारतात छापताना ते 'सिंगा' करून घेतलं. म्हणजे छापणाऱ्यांना काहीतरी टोचत होतं, वाचणाऱ्यांना नाही. अमर चित्र कथेत असुर सावळे-काळे, दात बाहेर, आणि नायक-नायिका उजळ. यावर अभ्यासकांनी लिहून झालं, आमचे चाहते मात्र 'बालपणीचा ठेवा' करत बसलेत.

चौकटी मोजणं सोपं आहे, रंग बघणं अवघड.

फेरीबोट

लागलं. खोटं सांगत नाही.

तेव्हा दिसलं नव्हतं, आता दिसतं. पण एकोणीस वर्षांच्या मला आज फेरीतून खाली उतरवू कसा?

कावी

तिसवाडीकर, तुम्ही माझ्या विरुद्ध बोलताय असं तुम्हाला वाटतंय, पण माझंच काम केलंत. गोष्टीचा सारांश लिहिणाऱ्याला असुराचा रंग दिसणारच नाही, कारण सारांशात रंग नसतो.

पण 'भक्ताने लिहू नये' हे मान्य नाही. तटस्थ माणूस एकाच वेताळाची दोनशे इंद्रजालं वाचायला बसेल का? दहाव्याला उठून जाईल. दोनशे वाचणारा वेडाच असतो आणि त्यालाच कळतं की एकशे एक्क्याण्णवाव्यात हात दुसऱ्या कुणाचा आहे. अट एकच, वेड्याने खोटं बोलू नये.

तिसवाडीकर

ती अट पाळणारा वेडा अजून भेटायचा आहे.

खडूफळा

मी सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचं भांडण जेवणाच्या सुट्टीत वाचलं.

तिसरीतला एक मुलगा. घरी कोकणी, वाचन अजून अडखळत. त्याच्या हातात 'टिंकल'मधली सुपंडी या वेंधळ्या नोकराची गोष्ट दिली. इंग्रजी अंक, एक अक्षर वाचता येत नाही. त्याने बोट ठेवत ठेवत सगळ्या वर्गाला ती मराठीत सांगितली. मालकाच्या भुवया कशा चढल्या, सुपंडीचं डोकं कसं मागे लांब, 'म्हणून त्यात काही राहत नाही, मागून सांडतं.' मूळ गोष्टीत हे नाही. राम वाईरकरांनी जे काढलं त्यातून त्याने हे काढलं. यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

म्हणून कावी, चित्राबद्दल तुमच्या बाजूने. पण तुम्ही 'मांडणी', 'चौथरा', 'शैली' असं लिहायला लागलात की माझ्यासारखी बाई पान उलटते. त्या पोरासारखं बोट ठेवून दाखवा. आणि जमलं तर मोठ्यांच्या अमेरिकन खुनांमधून थोडे बाहेर या. मुलांसाठी मराठीत काय घ्यावं हे विचारायला पालक येतात, मी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवते, पुढे काय सांगावं कळत नाही.

उंडोभाजी

पात्रांव, एवढं वाचायला वेळ कुणाला? तीस सेकंदांचं रील करा. पानं उलटा, मागे ढोल वाजवा, खाली किंमत टाका.

खडूफळा

उंडोभाजी, तुम्ही माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभं केलं असतं.

रफार

फोंड्याला छापखान्यात अक्षरजुळणी करतो, तेवीस वर्षं झाली. सगळे चित्र आणि गोष्ट यावर भांडताय, तिसरं कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

फुग्यातलं अक्षर कुणाचं? गोष्टीचं की चित्राचं?

इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी मोठी (कॅपिटल) लिपी, सगळी अक्षरं एका उंचीची, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. फुगा त्या मापाने काढलेला असतो. आता त्यात मराठी घाला. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. तिथे तीन ओळी मावत होत्या, इथे दोन मावतात. फुगा मोठा करायचा तर मागचं चित्र खावं लागतं. मग अनुवादकाला फोन, 'दोन शब्द कमी करा.' तो आधी विनोद कापतो, कारण विनोदाशिवाय गोष्ट पुढे जाते.

एकदा मुलांच्या एका अनुवादित चित्रकथेचं काम आलं होतं. कुणाचं ते सोडा. शब्द कापायचे नाहीत, फुगा वाढवायचा नाही, अक्षर बारीक करा असा हुकूम. केलं. त्यात फुग्याची वरची कड अक्षरांवर आली आणि एका पानावर राजाचा 'गर्व' रफार जाऊन 'गव' झाला. राजा छाती फुगवून म्हणतोय, 'मला माझ्या राज्याचा गव आहे.' छापून गेलं. मी आठ दिवस झोपलो नाही. पुढे त्या पुस्तकाची दोन परीक्षणं आली. दोघांनी 'ओघवता अनुवाद' लिहिलं. राजाचा गव कुणालाच दिसला नाही!

तेव्हा कावी, तुम्ही अर्धं परीक्षण चित्राला मागताय, मी म्हणतो त्यातल्या चार ओळी अक्षराला द्या.

कावी

रफार, मान खाली घालून कबूल करतो की पंधरा-सोळा वर्षांत मी अक्षरावर एक ओळही लिहिलेली नाही.

तुमच्या प्रश्नावरून आठवलं. गोष्ट एकाची आणि चित्र दुसऱ्याचं ही वाटणीच मुळात कच्ची आहे. साठच्या दशकात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीत लेखक स्टॅन ली थोडक्यात कथानक सांगायचा, कधी नुसतं तोंडी. मग चित्रकार जॅक कर्बी पानंच्या पानं काढून आणायचा आणि संवाद नंतर भरले जायचे. मग गोष्ट कुणी रचली? भांडण इतकं लांबलं की कर्बीच्या वारसांनी कोर्टकचेऱ्या केल्या आणि २०१४ मध्ये कुठे तडजोड झाली. सारांश लिहून 'लेखकाने उत्तम कथा गुंफली आहे' म्हणणारा परीक्षक न कळत त्या खटल्यात एका बाजूने साक्ष देत असतो.

तिसवाडीकर

हे पटलं. याच्यासाठी चहा माझ्याकडून. भक्ताबद्दलचं मत तेच.

पण मग अमर चित्र कथेचं काय? संपादक अनंत पै सगळ्यांना पाठ. 'कृष्ण' कुणी काढला ते विचारा दहा जणांना.

खडूफळा

राम वाईरकर. सुपंडीवालेच. आता दहांतली एक मी धरा.

फेरीबोट

रात्री ट्रंक उघडली. वाळवीने निम्मी खाल्ली आहेत. एक वेताळाचं हाती आलं, शेवटचं पान नाही. तुम्हा लोकांमुळे पहिल्यांदा फुगे न वाचता नुसती चित्रं बघत बसलो. बायको विचारते, वाचता येईना झालं काय?

चौदाव्या पानावर वेताळाची डायना आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं ती तिथे रागावली आहे. फुगा झाकून बघितलं तर चेहरा रागाचा नाही, घाबरलेला आहे. राग नुसता मराठी संवादात आहे. मग भिंग आणलं. तिच्या ओठांचा तांबडा रंग ओठांवर नाहीच, बाजूला सरकून गालावर सांडलाय. वेताळाच्या अंगठीचंही तेच, रंग बोटाच्या बाहेर. हे परीक्षणात चित्रकाराच्या चुकीत धरायचं का?

रफार

नाही काका. काळ्याच्या प्लेटवर तांबड्याची प्लेट सरकली आहे. ती चूक आमच्या धंद्याची, बॅरीच्या नावावर घालू नका. संवादाचं मात्र अनुवादकाला विचारावं लागेल. बहुतेक त्यालाही कुणीतरी दोन शब्द कमी करायला सांगितले असतील.