आधारच्या ओसीआर मजकुरातून क्रमांक, जन्मतारीख, लिंग काढताना गोंधळ

बाराखडी (प्रश्न):
पायथन ३ आणि टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर वाचणारं ओसीआर साधन), भाषा मराठी व इंग्रजी दोन्ही. कार्डाच्या पुढच्या बाजूचा मजकूर बऱ्यापैकी शुद्ध येतो, पण रेगेक्स (मजकुरातून ठरावीक नमुना शोधणारा पॅटर्न) लावला की घोळ. काही कार्डांवर १२ अंक मिळतात, पण तो आधार क्रमांक नसतो. जन्मतारखेच्या जागी २०१३ ची तारीख येते, माणूस मात्र चाळिशीचा. आणि बायकांच्या कार्डांवरही लिंग 'पुरुष' पडतं. कुठे चुकतंय?

कानामात्रा:
ते १२ अंक व्हीआयडीचे (आधार क्रमांकाऐवजी देता येणाऱ्या आभासी क्रमांकाचे) आहेत. व्हीआयडी १६ अंकी, तोही चार-चारच्या गटांत छापलेला. तीन गट शोधणाऱ्या पॅटर्नला त्याचे पहिले तीन आयतेच सापडतात. आधी १६ अंकी गट शोधून मजकुरातून उडवा, मग १२ अंकी शोधा. गटांमध्ये बॅकस्लॅश-एस (कोणतीही मोकळी जागा) वापरू नका, तो नवी ओळही गिळतो आणि दोन ओळींतले अंक जोडून देतो. साधी स्पेस ठेवा. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, तेही तपासा.

२०१३ ची तारीख बहुधा कार्डाच्या कडेला उभी छापलेली, आधार दिल्याची तारीख आहे. पहिली दिसेल ती तारीख उचलू नका. 'डीओबी' (जन्मतारीख) हे लेबल ज्या ओळीत आहे तिथलीच घ्या. जुन्या काही कार्डांवर फक्त जन्मवर्ष असतं. तिथे १ जानेवारी चिकटवू नका, रकाना वर्षापुरताच राहू द्या. उलट १ जून महाराष्ट्रात ढिगाने दिसेल. ती शाळेच्या दाखल्यांची कृपा, चूक समजून गाळू नका.

लिंगाचं कोडं सोपं आहे: इंग्रजी 'फीमेल'च्या पोटात 'मेल' बसलाय. आधी 'फीमेल' तपासा. तृतीयपंथी हा तिसरा पर्यायही ठेवा.

रफार:
मराठी शब्दांवर पायथनचा 're' (रेगेक्सचं अंगभूत मॉड्यूल) वापरत असाल तर अजून एक खड्डा आहे. त्यातला बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कोणतंही अक्षर) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'पुरुष'चे प, र, ष असे तीन तुकडे होतात आणि शब्दसीमा भलतीकडेच लागते. 'regex'चं वेगळं मॉड्यूल घ्या, नाहीतर देवनागरीची युनिकोड रेंज स्वतः लिहा.

दुसरं, टेसरॅक्टचं मराठी मॉडेल अधूनमधून अंक देवनागरीत वाचतं. बॅकस्लॅश-डी (कोणताही अंक) ते पकडतो, पण कंसातली 'दोन ते नऊ' ही इंग्रजी अंकांची रेंज पकडत नाही, म्हणून क्रमांक गुपचूप गळतो. सगळ्यात आधी अंकांचं रूपांतर करा. क्रमांकाची पट्टी कापून इंग्रजी मॉडेल, पीएसएम ७ (चित्रात एकच ओळ आहे असं सांगणारी सेटिंग) आणि फक्त अंकांची व्हाइटलिस्ट (चालणाऱ्या अक्षरांची यादी) लावलीत तर आणखी बरं.

बाराखडी:
क्रमांक आता नीट येतोय. व्हेरहॉफ तपासणी (शेवटच्या तपासणी अंकावरून क्रमांक बरोबर आहे का ते पाहणारी पद्धत) लावली, तर बरोबर क्रमांकही नापास होतायत.

कानामात्रा:
डावीकडून मोजताय का? उजवीकडून सुरू करायचं, शेवटचा अंक स्थान ०. क्रमपर्यय तक्ता (स्थानानुसार अंक बदलणारा) ८ ओळींचा, म्हणून स्थानाला ८ ने भागून बाकी घ्या. शेवटी उत्तर ० आलं की पास. स्थान १ पासून सुरुवात फक्त तपासणी अंक *तयार* करताना होते. बहुतेकांची गफलत इथेच होते. एका अंकाची चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल यातून सुटत नाही.

अनुस्वार:
नावासाठी: डीओबीच्या ओळीवरून वर जात पहिली निव्वळ रोमन अक्षरांची ओळ घ्या. तिचे नाव-वडील-आडनाव असे तुकडे पाडू नका. सगळेच तीन शब्द लिहीत नाहीत, आणि क्रमही एकसारखा नसतो.

क्यूआर वाचता येत असेल तर ओसीआर फक्त पडताळणीपुरता ठेवा. नव्या सिक्युअर क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता डिजिटल सहीसकट असतो, पण आधार क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच असतात. आणि रेगेक्स डीबग करताना जुळलेला मजकूर लॉगमध्ये छापत असाल, तर आधार क्रमांकाचे पहिले ८ अंक तिथेच झाका.