वकील, मध्यस्थ आणि शिष्टाई

शांतता-वाटाघाटींच्या बातम्यांमध्ये ‘विशेष दूत’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वास्तविक दूत हा कोणा एकाने पाठवलेला असतो आणि त्याचेच म्हणणे मांडतो, तर मध्यस्थाने निदान बोलणी चालू असेपर्यंत दोन्ही पक्षांपासून सारखे अंतर राखावे, अशी अपेक्षा असते.

मराठेशाहीत दूताला ‘वकील’ म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपवले आहे तो’ असा असल्यामुळे १६५९ साली अफझलखानाकडून आलेले कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांकडून गेलेले पंताजी गोपीनाथ हे दोघेही वकीलच ठरतात. पुढे हा शब्द न्यायालयात गेला; गंमत म्हणजे वकील गेला, तरी त्याची कचेरी जागीच राहिली, कारण राजदूताच्या कार्यालयाला आपण आजही ‘वकिलात’ म्हणतो.

पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपवणाऱ्या १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात मात्र हे शब्द अपुरे पडतात. ईस्ट इंडिया कंपनीतर्फे बोलणी करणारे डेव्हिड अँडरसन सरळसरळ वकील होते. पण महादजी शिंदे त्याच युद्धात लढलेले सरदार, पेशव्यांच्या वतीने तह करणारे मुखत्यार आणि शिवाय दोन्ही पक्ष तह पाळतील याचे जामीन, अशा तिहेरी नात्याने तेथे होते. या शेवटच्या भूमिकेसाठी ‘मध्यस्थ’ हा शब्द मला फिका वाटतो. ‘जामीन’ अधिक नेमका आहे.

‘शिष्टाई’विषयीही थोडी सावधगिरी हवी. कृष्ण हस्तिनापुरास गेला तो पांडवांच्या बाजूने, पाच गावे तरी द्या असे सांगायला; त्यामुळे तटस्थ देशाच्या प्रयत्नांना ‘शिष्टाई’ म्हणणे रूढ असले, तरी मुळाशी धरून नाही.

खरी अडचण येते ती श्रीलंकेसारख्या उदाहरणात. फेब्रुवारी २००२ मध्ये तेथील सरकार आणि लिट्टे ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यात युद्धबंदी झाली, तेव्हा नॉर्वेने आणि त्याचे दूत एरिक सोल्हेम यांनी स्वतःला मध्यस्थ न म्हणता ‘फॅसिलिटेटर’ म्हणवून घेतले, म्हणजे निवाडा किंवा तोडगा लादणारे नव्हे, तर केवळ बोलणी घडवून आणणारे. यासाठी ‘सुलभकर्ता’ हा शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो, आणि ‘सूत्रधार’ म्हटले तर सूत्रे त्यांच्याच हाती होती असा नेमका उलटा अर्थ निघतो. म्हणून मी तूर्त ‘बोलणी घडवणारा’ असेच लिहितो.