बाटोना ट्रेल चार दिवसांत: मुक्काम, पाणी आणि वाळूबद्दल सल्ला हवा

वाटसरू_एडिसन
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण न्यू जर्सीतली बाटोना ट्रेल सलग करायची आहे. ऑंग्स हॅट ते बास रिव्हर, सुमारे 53 मैल, तिघेजण, चार दिवस. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, पण तंबू पाठीवर घेऊन एवढी लांब वाट कुणीच केलेली नाही. मुक्काम कुठे करावा? पाणी कसं? आणि इतकी सपाट वाट असून लोक मध्येच का सोडतात?

पाइनवाट
सोडतात ते वाळूमुळे. चढ जवळजवळ नाहीच, ॲपल पाय हिल हीच काय ती टेकडी, जेमतेम 200 फुटांची. पण मैलोन्‌मैल भुसभुशीत वाळू. ती बुटात शिरते, घामाने ओल्या मोज्यावर कानसीसारखी घासते आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. घोट्यावरून बसणारे पातळ गेटर (बुटाचं तोंड झाकणारी कापडी पट्टी) वापरा, दर दोन तासांनी बूट झाडा, मोजे बदला. टाच गरम लागली की तिथल्या तिथे टेप लावा, फोड यायची वाट बघू नका.

मुक्काम फक्त ठरवून दिलेल्या जागीच आणि आधी परवाना काढूनच. पहिली रात्र ब्रेंडन टी. बर्न स्टेट फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडवर, दुसरी लोअर फोर्जला (तिथे गाडी जात नाही, पायी नाहीतर कनूने, म्हणजे वल्ह्याच्या लहान होडीने), तिसरी बटनवूड हिलला. दुसरा दिवस सगळ्यात लांब, त्यामुळे उजाडताच निघा. दोन गाड्या असतील तर एक आधी बास रिव्हरला लावा. रात्रभर गाडी कुठे ठेवता येईल ते परवाना काढतानाच विचारून घ्या.

चहाचं_पाणी
पाण्याबद्दल. इथले ओढे कोऱ्या चहासारखे दिसतात. पांढऱ्या सीडरच्या दलदलीतलं टॅनिन (झाडापानांतून उतरणारा तुरट अंश) आणि जमिनीतलं लोह, म्हणून तो रंग. गाळल्यावरही तो पुरता जात नाही, घाबरू नका. फिल्टर मात्र लवकर तुंबतो. आधी सुती रुमालातून गाळा आणि रोज संध्याकाळी सिरिंजने उलट पाणी मारून फिल्टर धुवा. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर विसंबू नका: पाण्यातला सेंद्रिय अंश क्लोरीन खाऊन टाकतो. फिल्टर बिघडला तर एक मिनिट खळखळून उकळा. बटनवूड हिलला पाण्याची सोय नाही, म्हणून त्याआधी वाटेत लागणाऱ्या बात्स्तो गावात माणशी चार लिटर भरून निघा.

गुलाबी_पट्टा
वाटेची खूण म्हणजे खोडांवरचे गुलाबी पट्टे. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे. चुकतात ते वाळूच्या गाडीरस्त्यांवर, कारण रस्ता रुंद असतो आणि पाय आपोआप त्यावरून पुढे जातात. पाच मिनिटं पट्टा दिसला नाही तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या. अंदाजाने झुडपांतून घुसू नका, गोचिडी तिथेच असतात.

थंडी पडली की गोचिडी संपतात हा गैरसमज फार महागात पडतो. लाइम हा आजार पसरवणाऱ्या गोचिडीच्या प्रौढ माद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोरात असतात. कपड्यांना 0.5 टक्के पर्मेथ्रिन (कीटकनाशक) आधी मारून पूर्ण वाळवा (घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांबच ठेवा). रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत तपासा. चिकटली असेल तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी काही नको. पुढच्या 30 दिवसांत लाल, पसरत जाणारा चट्टा उठला तर लगेच डॉक्टर गाठा.

पाइनवाट
एक राहिलंच: आग. पाइन बॅरन्सचं, म्हणजे या भागातलं पाइनचं जंगल पेटायलाच टपलेलं असतं. जून 2022 मध्ये याच वाटेवरच्या व्हार्टन स्टेट फॉरेस्टमध्ये हजारो एकर जळालं, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही, तेव्हा शेकोट्या पूर्ण बंद होत्या. स्पिरिटचा स्टोव्ह घरी ठेवा, नॉब फिरवून बंद करता येणारा गॅसचाच घ्या. मेतकूट-भात त्यावर आरामात होतो. निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याचे त्या दिवशीचे निर्बंध पाहा.