तारकागुच्छातले सगळे तारे एकाच वयाचे?

मृगव्याध: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं, "गुच्छातले सगळे तारे एकाच वेळी जन्मतात, जुळी भावंडंच म्हणा." त्यावर माना डोलावणारे बघून राहवलं नाही. टॅरंटुला तेजोमेघ घ्या, म्हणजे तारे जन्मतात तो वायू-धुळीचा ढग. तो मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर. मधला आर १३६ गुच्छ जेमतेम १०-२० लाख वर्षांचा. बाजूचा हॉज ३०१ गुच्छ दोन कोटी वर्षांच्या पुढचा, त्यातले कित्येक मोठे तारे फुटूनही गेले. आर १३६ च्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी आणि त्यांच्यातून सुटणाऱ्या वाऱ्यांनी वायूत पोकळी कोरली आहे, त्या धक्क्याने तिच्या काठावरच्या वायूच्या खांबांत आजही तारे जन्मतायत. हे एकाच वेळी?

रोहिणी: गुच्छ आणि तेजोमेघ यांची गल्लत होतेय. तुम्ही दोन वेगळ्या गुच्छांची वयं सांगितलीत. आणि काठावर तारा दिसला म्हणजे तो शेजाऱ्याच्या धक्क्यानेच जन्मला, हे कशावरून? तो वायू आधीपासूनच आकसत असेल.

जुन्नरचा आकाशवेडा: आधी तेजोमेघांच्या फोटोंमधल्या रंगांचं बोला. लेकाला दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला, तर रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, हा तर राखाडी आहे." भित्तिपत्रकात गुलाबी-निळा! पोरांना फसवायचं कशाला?

रोहिणी: फसवणूक नाही हो. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश खरोखर लाल असतो, अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंगच कळत नाहीत.

जुन्नरचा आकाशवेडा: आणि वेब अवकाश दुर्बिणीचे फोटो? ते अवरक्त, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातले. तिथे रंग माणसंच ठरवतात ना?

रोहिणी: ठरवतात, पण मनाला येईल तसे नाही. लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा.

जुन्नरचा आकाशवेडा: मग तेवढी एक ओळ फोटोखाली छापा! त्या रात्री लेक दुर्बिणीपासून उठला, तो परत बसलाच नाही.

ऑकलंडहून: दादा, मी इथल्या अंगणातून टॅरंटुला नुसत्या डोळ्यांनी पाहते. बोटाने पुसल्यासारखा पांढुरका डाग. रंग नाही, तरी पहिल्यांदा दिसला तेव्हा भरून आलं. महाराष्ट्रातून तो क्षितिजाच्या वर येतो न येतो.

मृगव्याध: रंग पुरे आता. रोहिणीताई, एकाच गुच्छातलं हवंय ना? २०१२ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं की आर १३६ म्हणजे बहुधा एकमेकांत मिसळणारे दोन गुच्छ आहेत, वयात सुमारे १० लाख वर्षांचं अंतर. आणि लहान मॅगेलन मेघ या दुसऱ्या शेजारी दीर्घिकेतला एनजीसी ३४६ गुच्छ: तिथले तारे आणि वायू गोल वळण घेत मध्याकडे सरकतायत, हे २०२२ मध्ये मोजलं गेलं. बाहेरून कच्चा माल येतोय तोवर चूल विझेल कशी?

रोहिणी: १० लाखांवर एवढा भरवसा ठेवू नका. कोवळ्या ताऱ्याचं वय त्याच्या तेजावरून काढतात. जोडतारा एकच धरला की तो जास्त तेजस्वी, म्हणून वयाने लहान वाटतो. मधली धूळही घोळ घालते. एनजीसी ३४६ चं मात्र मानते. "एकाच वेळी" हा शब्द मागे, "काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत" म्हणू. धक्क्याचं अजून पटलेलं नाही.

मृगव्याध: धक्क्याचं उद्या, खांबांचे फोटो घेऊन येतो.

जुन्नरचा आकाशवेडा: खाली रंगांची ओळ लिहूनच टाका.